रिमांडच्या बाई

आमच्या घरात मुंबईच्या डोंगरीचं नाव दोन तोंडांनी निघायचं. आजोबा ते काढत आगरकरांसाठी. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. आजोबांना त्यातले प्रसंग तोंडपाठ होते. मोठी आत्या डोंगरीचं नाव काढायची ते पोरांसाठी. उमरखाडीचा तोच तुरुंग पुढे मुलांचं रिमांड होम झाला. ज्या भिंतींआड 'केसरी' आणि 'मराठा'वाले बसले, तिथे पुढे फलाटावर सापडलेली, खिसा कापताना धरलेली, घरातून पळालेली आठ-दहा वर्षांची पोरं बसू लागली. बाप लेकीला म्हणत, "तुझी डोंगरी वेगळी, माझी वेगळी." आणि लेक म्हणे, "भिंत तीच आहे, अण्णा."

आजोबा जिल्ह्याच्या गावी सुतारकाम शिकवत. कोर्टानं पाठवलेल्या मुलांसाठी असलेल्या सर्टिफाइड शाळेत ते मास्तर होते. आत्या त्या शाळेच्या आवाराला लागून असलेल्या खोल्यांमध्ये वाढली, मुंबईला जाऊन समाजकार्य शिकली आणि १९६०च्या दशकात प्रोबेशन ऑफिसर म्हणून नोकरीला लागली. गावोगाव तिला 'रिमांडच्या बाई' म्हणत. बालगुन्हेगारीच्या कायद्यांचा इतिहास मी पुढे पुस्तकांतून वाचला खरा, पण त्याचा सांगाडा या दोघांनी आधीच माझ्या डोक्यात उभा केला होता. पुस्तकं सांगतात कोणत्या साली कोणता कायदा झाला, किती वयापर्यंत मूल म्हणायचं, कुठे ठेवायचं. आजोबा आणि आत्या सांगायचे ते मूल सुटल्यानंतरचं.

आजोबांची गोष्ट माहीमपासून सुरू व्हायची. इंग्रजी अमदानीत चोरी करताना धरलेलं पोरगं मोठ्या कैद्यांच्यातच कोंडलं जाई. १८५०च्या कायद्यानं दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून द्यायची सोय केली. १८५७ साली ससूनांच्या देणगीतून मुंबईत सुधारशाळा निघाली, तीच आज माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा. १८६०च्या भारतीय दंडविधानानं सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरायचंच नाही असं ठरवलं, आणि सात ते बारा या वयात त्याला आपण काय करतोय याची समज होती का, ते पाहायला सांगितलं. १८७६ आणि १८९७ असे सुधारशाळांचे दोन कायदे आले. या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत होती: पोराच्या हाताला काम द्या, पोरगं सरळ होईल. आजोबांची सगळी नोकरी याच समजुतीवर उभी होती आणि त्या समजुतीतलं भोक त्यांनाच सगळ्यांत आधी दिसलं.

त्यांच्या वर्गाची रीत अशी. पहिले कित्येक दिवस नुसता रंधा. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, मग कातडी घट्ट व्हायची. त्यानंतर करवत, मग पटाशी, आणि मग दोन लाकडं एकमेकांत अशी बसवायची की मध्ये कागदसुद्धा जाणार नाही. संध्याकाळी हत्यारांची मोजणी. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगानं काढलेली. रिकामी आकृती राहिली की कुणी जागचं उठायचं नाही. एका संध्याकाळी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, कमी पडला. पटाशी हरवली असती तर शाळेत आरडाओरडा झाला असता, पण गुण्यानं कुणाला इजा होत नाही, त्यामुळे आजोबांनी वर तक्रार न करता स्वतःच शोध घेतला. तो सापडला एका पोराच्या वळकटीत. त्याची मुदत संपली होती, दुसऱ्या दिवशी तो घरी जाणार होता. आजोबांनी विचारलं, "हाच का घेतलास?" पोरगा म्हणाला, "बाकीचं गावात उसनं मिळंल मास्तर, गुण्या कुणी देत न्हाई."

ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. चार वर्षं सरकारी खर्चानं पोराला सुतार करायचं आणि फाटकाबाहेर सोडताना त्याच्या हातात एक कपड्यांचा जोड आणि गाडीचं तिकीट द्यायचं, हा काय न्याय झाला? त्यांनी हत्यारांच्या पेटीसाठी अर्ज केले. उत्तर यायचं: तरतूद नाही. मग ते जुन्या बाजारातून गंजलेली पाती आणत, कानशीनं घासत, वर्गातल्या उरलेल्या सागवानाच्या मुठी बसवत आणि जाणाऱ्या पोराच्या पिशवीत चार हत्यारं घालत. गुण्या त्यात असायचाच.

सोलापूरची गोष्टही त्यांचीच. त्यांचं आजोळ तिकडचं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या होत्या, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. सगळं गाव तिला 'सेटलमेंट' म्हणे. माणसं हजेरी देऊन गिरणीत कामाला जायची, परत येऊन हजेरी द्यायची. या कायद्यात १८९७ साली जी दुरुस्ती झाली, तिनं चार ते अठरा वर्षांची मुलं आई-बापांपासून तोडून वेगळ्या सुधारवस्तीत ठेवायचा अधिकार सरकारला दिला. चार वर्षांचं मूल! त्यानं काहीही केलेलं नसे, पुढे करील म्हणून त्याला सुधारायचं. लहानपणी आजोबा मामाबरोबर त्या कुंपणाजवळून जायचे. आतली त्यांच्याच वयाची मुलं तारेला धरून उभी असायची आणि मामा आजोबांना "बघू नकोस" म्हणायचा. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. पण आत्या नोकरीला लागली तेव्हाही, आणि ती निवृत्त झाली तेव्हाही, तालुक्यात कुठे चोरी झाली की पहिल्यांदा उचलली जायची ती पारध्यांच्या पालांवरची पोरं. सुधारणेच्या नावाखाली या राज्यात काय काय झालं याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात तिथून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

मुलांसाठी वेगळं कोर्ट ही कल्पना अमेरिकेतली, शिकागोत १८९९ साली पहिलं असं कोर्ट बसलं. आपल्याकडे १९१९-२०च्या तुरुंग समितीनं मुलांना तुरुंगाबाहेर काढा म्हणून सांगितलं. मद्रासनं १९२०मध्ये, बंगालनं १९२२मध्ये आणि मुंबईनं १९२४मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबईत तो राबवायला १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. डोंगरीचं आणि पुढे मानखुर्दचं काम तिचंच. १९३६मध्ये डोंगरीपासून हाकेच्या अंतरावर, नागपाड्यात, क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं टाटांच्या पैशातून समाजकार्याची शाळा सुरू केली. आजची टाटा इन्स्टिट्यूट तीच. देणग्या, मिशनरी, गिरणीमालक, बाईमाणसांच्या समित्या असं सगळं मिळून मुंबईत हे काम उभं राहिलं.

आत्याचा आवडता माणूस मात्र यांतला कुणीच नव्हता. तिचा माणूस होता बोस्टनचा एक जोडे शिवणारा, जॉन ऑगस्टस. १८४१ साली तो पोलीस कोर्टात गेला. समोर एक दारुडा उभा होता. ऑगस्टसनं न्यायाधीशाला सांगितलं, याला माझ्या जामिनावर सोडा, मी याच्यावर लक्ष ठेवतो. ठरलेल्या दिवशी त्यानं तो माणूस सुधारलेल्या अवस्थेत परत आणून उभा केला. मग मुलांसाठी तो असाच उभा राहू लागला. १८५९मध्ये तो वारला तोवर जवळजवळ दोन हजार माणसांसाठी उभा राहिला होता, पगार न घेता. आत्या ही गोष्ट आम्हा पोरांना सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगायची, दरवेळी तेवढ्याच भक्तीनं. प्रोबेशन म्हणजे काय ते विचारायला आलेल्या फौजदारालाही तिनं हीच सांगितली होती.

तिच्या काळी १९४८चा मुंबईचा मुलांचा कायदा होता. सोळा वर्षांखालचं ते मूल. निराधार, भीक मागणारं, छळ सोसलेलं, चोरी केलेलं, सगळ्यांना एकच दार. आई-बापांच्या हाताबाहेर गेलेलं पोरही त्यात येई. बाप स्वतः पोराचा दंड धरून कोर्टात आणून उभं करू शकत होता. "रिमांड होममध्ये टाकीन" ही धमकी महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांनी पोरांना दिली असेल, आणि काही घरांनी ती खरी करून दाखवली. आत्याच्या कोर्टात पिंजरा नव्हता, टेबलाभोवती खुर्च्या होत्या, पोलीस साध्या कपड्यात यायचे. ते सगळं चांगलंच होतं. पण तिचं खरं काम कोर्टाच्या आधी आणि कोर्टाच्या नंतर, एसटीच्या फाट्यापासून पुढे चालत जाऊन.

घराच्या चौकशीचा छापील फॉर्म असायचा. बापाचा धंदा, जमीन किती, कर्ज किती, खोल्या किती, मुलाची शाळा, संगत, शेजाऱ्यांचं मत. या रकान्यांपलीकडचं ती स्वतःच्या वहीत टिपायची: मूल रात्री कुणाजवळ झोपतं, भाकरी कोण वाढतं, कुणाला पाहून ते गप्प होतं. पोलिसांच्या गाडीतून ती कधी कुणाच्या दारात उतरली नाही. पालावर गेली, वस्तीत गेली, महारवाड्यात गेली, की आधी पाणी मागायची. "पाणी दिलं की घर त्यांचं होतं आणि मी पाहुणी," असं ती म्हणे. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या घरी ते पाणी पिऊन मगच ती फॉर्म बाहेर काढी. तिच्या सासरी यावरून काय काय ऐकावं लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही. ते मला आईकडून कळलं.

बहात्तरच्या दुष्काळातली दोन मुलं तिच्या बोलण्यात नेहमी जोडीनं यायची. रोजगाराच्या कामांवर तेव्हा सुकडी वाटत. कोठीतून सुकडीचं अर्धं पोतं लंपास केलं म्हणून मुकादमानं अकरा वर्षांचा एक पोरगा पोलिसांच्या ताब्यात दिला. आत्या त्याच्या गावी गेली. आई-बाप दुसऱ्या तालुक्यात तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेले, घरात डोळ्यांनी अधू आजी आणि चार वर्षांची बहीण. सुकडीचं पोतं चुलीमागे होतं, निम्मं संपलेलं. आजी म्हणाली, "म्या त्येला इचारलंच न्हाई कुटून आणलं." आत्यानं हे जसंच्या तसं अहवालात लिहिलं. मॅजिस्ट्रेटनी मुलाला तिच्या देखरेखीखाली आजीच्या ताब्यात दिलं. हेडमास्तर 'रिमांडातलं पोर' शाळेत घ्यायला तयार नव्हते. आत्यानं त्यांच्याकडे खेटे घातले. महिन्याच्या महिन्याला ती जायची, बहिणीचंही नाव शाळेत घातलं, आई-बाप परत आल्यावर त्यांच्याशी बोलली. तो पुढे एसटीच्या वर्कशॉपात लागला.

दुसरा त्याच वयाचा, त्याच दुष्काळातला, चोरीही तशीच, ज्वारीची. पण त्याची आई दुष्काळाआधीच गेलेली आणि बाप मुंबईकडे निघून गेलेला. गावात दार उघडून "हे त्याचं घर" म्हणणारं कुणी नव्हतं. तो संस्थेत राहिला, मुदत भरली, बाहेर पडला. फाइल बंद झाली. आत्याच्या हाताखाली तेव्हा सगळा जिल्हा होता, नवी प्रकरणं रोज येत होती, आणि सुटलेल्या मुलाकडे जाण्यासाठी प्रवासभत्ता मंजूर होत नव्हता. काही महिन्यांनी तो पुन्हा धरला गेला, या वेळी मोठ्यांच्या कोर्टात. दोघांत फरक काय होता, असं मी एकदा विचारलं. "एकाच्याकडे जायला मला दार होतं," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याला संस्थेच्या फाटकाबाहेर कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हते."

जिल्ह्याजिल्ह्यात परिविक्षा व अनुरक्षण, म्हणजे प्रोबेशन आणि सुटल्यानंतरची काळजी, यांसाठीच्या संघटना होत्या. मुलं ठेवायचं काम त्यांनी केलं, कधी बरं, कधी वाईट. सुटलेल्या मुलांच्या मागे राहायचं काम आत्याच्या जिल्ह्यात देणगीदारांच्या मर्जीवर आणि तिच्यासारख्यांच्या रविवारच्या सुट्ट्यांवर चाललं.

ऐंशीच्या दशकात या गोष्टींना मोठा आवाज मिळाला तो शीला बारसे यांच्यामुळे. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी देशभरातल्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची मुलं आहेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६मध्ये न्यायालयानं बजावलं, मुलांना तुरुंगात ठेवायचं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपवायचा. दुसरं प्रकरण त्यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल नेलं, त्याचा निकाल डिसेंबर १९८६चा. आत्याच्या कपाटात त्या दोन्ही निकालांची कात्रणं होती. तिला त्यांतलं सगळंच पटलं होतं; तिची तक्रार एवढीच की कोर्टात गेलेली बाई एकटी होती आणि आम्ही खात्यातले इतकेजण असून तोंड उघडलं नाही.

१९८६चा बालन्यायाचा कायदा जम्मू-काश्मीर सोडून सगळ्या देशाला लागू झाला: मुलगा सोळापर्यंत, मुलगी अठरापर्यंत. २०००च्या कायद्यानं दोघांनाही अठरा केलं. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, आरोपींत एक अल्पवयीन होता, त्यानंतर वय पुन्हा सोळावर आणा म्हणून देश रस्त्यावर आला. वर्मा समितीनं ते मान्य केलं नाही, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अठराच कायम ठेवलं, पण संसदेनं २०१५चा कायदा केला आणि निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठराच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा रस्ता उघडला. २०१२ साली देशात भारतीय दंडविधानाखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत मुलांच्या नावे असलेले गुन्हे सुमारे १.२ टक्के होते. त्या मुलीच्या यातना कोणत्याही टक्केवारीत बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. संताप खरा होता. तरी मला वाटतं, आपण सगळी ताकद वयाच्या आकड्यावर खर्च केली. २०१५च्याच कायद्यात मुलाच्या घराचा सामाजिक तपास आहे, जुनी नोंद पुसायची सोय आहे, अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत देता येईल असं कलम आहे. त्यांच्यासाठी कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळानं जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, पेपर भिंगानं वाचायची. ती म्हणाली, आमच्या फॉर्मवर जमीन किती, कर्ज किती असं विचारत. मोटारी किती, असा रकाना कधी नव्हता. गरिबाच्या झोपडीत शिरून चुलीमागे पाहणारी चौकशी बंगल्याच्या फाटकाशी का थांबते, हा तिचा प्रश्न. तो मला वयाच्या वादापेक्षा मोठा वाटतो. मुलाच्या हाती किल्ली कुणी दिली, रात्री उशिरा तो घरी नाही हे कुणाला ठाऊक होतं, कुणाला चाललं होतं, हे विचारायला त्या बंगल्यातही पाणी पिऊन बसणारं कुणीतरी लागतं.

पण त्यासाठी आधी माणसं नेमावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर राज्यांना सांगितलं, की बाल न्याय मंडळांवरच्या आणि बालकल्याण समित्यांवरच्या रिकाम्या जागा भरा. माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा समाजकार्याची पदवी घेऊन आत्याच्याच कामाला लागली आहे, कंत्राटावर. ती आत्याला भेटायला आली ती टॅब घेऊन. सामाजिक तपासाचा फॉर्म आता त्यात भरतात. आत्यानं तो पूर्ण ऐकला, रकान्यामागून रकाना, आणि विचारलं, "सुटल्यावर तिसऱ्या महिन्यात कोण जातं?" मुलगी म्हणाली, त्याचा आदेश मंडळानं दिला तर आम्हीच जातो, नाही दिला तर फाइल बंद होते. "मग आदेश मागून घ्यायचा," आत्या म्हणाली. "अहवालाच्या शेवटी तूच लिही की देखरेख एवढे दिवस हवी, आणि का हवी ते. मॅजिस्ट्रेट विचारत नाहीत, आपण लिहिलं तर देतात." मग तिनं बाकीचं सांगायला घेतलं: बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस, घरी कुणी नसतं. सुगीत संध्याकाळी जा. शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेव. आणि मुलगा कारागिरी शिकलेला असेल तर निघण्याआधी त्याच्याकडे हत्यारं आहेत का बघ, नसतील तर त्या पैशाच्या कलमाखाली अर्ज कर, रकमेसह, वस्तूंची यादी जोडून. पोरीनं यादी कशी करायची ते विचारलं. आत्या सांगू लागली: रंधा एक, करवत एक, पटाशी दोन, गुण्या एक.